कोकणातल्या शाळेत चित्रकला शिकवताय? मग पोरांना कलाकार शोधायला असं लावा

नवीन कलाशिक्षक म्हणून जॉईन झालात की एक गोष्ट हमखास होते. आठवी-नववीला आपण सांगतो, "एका चित्रकाराची माहिती लिहून आणा", आणि सोमवारी वह्यांचा ढीग येतो त्यात तोच तो परिच्छेद, तीच जन्मतारीख, वर पिकासोचा नाहीतर राजा रविवर्म्याचा झेरॉक्स फोटो चिकटवलेला, तो पण वाकडा. लिहिलंय कोणी, तर दादाने किंवा मोबाईलने. पोराला विचारा, बाबा रे ह्याचं एखादं चित्र सांग आवडलेलं, की गप्प.

ह्यात पोरांची काही चूक नाही, आपण माहिती मागितली तर त्यांनी माहिती आणली. म्हणून सगळ्यात आधी एवढंच बदला: माहिती मागू नका, एक चित्र मागा. एकच. आणि त्या चित्रात तुला स्वतःला काय दिसलं ते मागा. कलाकाराचं नाव, गाव, साल नंतर आपोआप येतं, कारण चित्र आवडलं की पोरगं स्वतःच विचारतं की हे काढलं कोणी.

खाली जे लिहितोय ते कोकणातल्या साध्या हायस्कूलपुरतं आहे, जिथे चित्रकलेला आठवड्याला जेमतेम एक-दोन तास, त्यातला एक गणितवाले सर मागून घेतात, लाईटचा भरवसा नाही आणि रेंज हवी असेल तर मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागतं.

आधी थोडं सामान जमवा

प्रोजेक्टरवर अवलंबून राहू नका. असेल तर वापरा, पण छापील चित्रं हाताशी हवीतच. तालुक्याला जाल तेव्हा कलर झेरॉक्सवाल्याकडून दहा-पंधरा चांगली चित्रं ए-थ्री साईजमध्ये काढून घ्या आणि लॅमिनेट करा, लॅमिनेशनचे पैसे वाचवू नका कारण जुलैत बिनलॅमिनेट कागदाला बुरशी येणारच. जुनी कॅलेंडरं मागा लोकांकडे. गावात वाचनालय असेल तर तिथे जुने दिवाळी अंक पडलेले असतात, ते सोनं आहे. दीनानाथ दलाल (मूळ गोव्याचे, जन्म १९१६) यांनी काढलेली मुखपृष्ठं आणि आतली चित्रं त्यात सापडली तर पोरांना दाखवा, छपाईसाठी चित्र काढणारा माणूस पण मोठा कलाकार असतो हे त्यांना तिथे कळतं. ग्रंथपालांना विचारून फोटो काढा, पानं फाडू नका, हे पोरांना आधीच बजावा.

नेटवरून चित्र घ्यायचं असेल तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साईटवर कॉपीराईट संपलेली ढीगभर चित्रं मोठ्या साईजमध्ये फुकट मिळतात, २०१७ पासून त्यांनी ती खुली केलीत. गूगल आर्ट्स अँड कल्चर पण बरं आहे, झूम करून ब्रशचा फटकारा दिसतो. हे घरी वायफायवर डाऊनलोड करून पेनड्राईव्हमध्ये न्या, वर्गात लाईव्ह उघडायच्या फंदात पडू नका.

पहिला तास: फक्त बघणं

पहिल्या तासाला कलाकाराचं नाव आधी सांगायचंच नाही. एक चित्र लावायचं आणि दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. पोरं हसतील, चुळबूळ करतील, करू दे. मग दोनच प्रश्न: "चित्रात काय चाललंय?" आणि "कशावरून म्हणतोस?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा. त्याच्याशिवाय पोरं अंदाज ठोकत बसतात, कशावरून विचारलं की बोट चित्रावर येतं. बरोबर-चूक म्हणू नका, मान पण डोलावू नका फार, मास्तरांची मान कुठे हलते ते पोरं बरोबर हेरतात आणि तिकडेच बोलायला लागतात.

सुरुवातीला होकुसाईची ती प्रसिद्ध जपानी लाट लावून बघा, साधारण १८३१ ची. शहरातल्या पोराला आधी लाट दिसते, पण मिरकरवाडा नाहीतर हर्णैसारख्या मासेमारी बंदरावरच्या पोराला आधी होड्या दिसतात. तीन आहेत त्यात, पुष्कळ जणांच्या लक्षातच येत नाहीत. मग वाद सुरू होतो की होडी लाटेवर अशी घालतात का, माणसं ओणवी का झालीत, मागे तो डोंगर एवढासाच का. घरात मच्छीमारी असलेलं पोरगं, जे एरवी मागच्या बाकावर गप्प असतं, ते त्या दिवशी वर्गाचं मास्तर होतं. मग शेवटी नाव सांगा, फूजी डोंगर सांगा, आणि मूळ चित्र केवढं ते विचारा. सगळे हात फाकवून दाखवतात, भिंतीएवढं. प्रत्यक्षात ते साधारण २५ गुणिले ३७ सेंटीमीटर आहे, ड्रॉईंग शीटच्या छोट्या तुकड्यावर मावेल एवढं, आणि ते लाकडी ठशावरून छापलेलं आहे.

साईज ही गोष्ट मोबाईलने पार मारून टाकलीय, सगळी चित्रं एकाच तळहाताएवढी दिसतात. म्हणून एखाद्या दिवशी मैदानात खडूने पिकासोच्या गेर्निकाचा चौकोन आखा, साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. अख्खा वर्ग आत उभा करा. शेजारी मोनालिसाचा आखा, ७७ गुणिले ५३ सेंटीमीटर. पीटीचे सर ओरडतील मैदान खराब केलं म्हणून, पावसाने धुऊन जाईल सांगा.

दुसरी पायरी: शोध गावातून सुरू करा, नेटवरून नाही

"कलाकार" म्हटलं की पोरांच्या डोक्यात दाढीवाला परदेशी माणूस असतो. ते आधी मोडायचं. गृहपाठ असा द्या: आपल्या वाडीत किंवा आजूबाजूला हाताने काहीतरी घडवणारी, रंगवणारी एक व्यक्ती शोधा, तिच्याशी बोला, आणि तिने केलेल्या एका वस्तूचं स्केच काढून आणा. फोटो नको, स्केच. फोटो काढताना आपण बघत नाही, स्केच काढताना बघावंच लागतं.

काय काय येतं बघा मग. गणपतीच्या शाळेतले, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यातले मूर्तिकार, होडीवर नाव आणि पट्टे रंगवणारे पेंटर, दशावतारात स्वतःचं तोंड स्वतः रंगवणारे कलाकार, नमन-खेळ्यातली सोंगं करणारे, गोधडी शिवणारी आजी, चतुर्थीला गणपतीच्या मागची भिंत रंगवणारे काका. भेटायची वेळ मात्र बघून पाठवा. आषाढापासून चतुर्थीपर्यंत गणपतीच्या शाळेत उभं राहायला जागा नसते, नागपंचमीला लोक पाट घेऊन येतात, आणि शेवटच्या आठवड्यात डोळ्यांची आखणी चालू असते तेव्हा मूर्तिकाराला प्रश्न विचारणं म्हणजे शिव्या खाणं. बघायला मात्र तेव्हाच जायचं, कोपऱ्यात गप्प बसून. बोलायला गणपती गेल्यावर. दशावतारवाल्यांना दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की गाठा, पेटारा उघडून तोंडाला रंग लावायला बसतात तेव्हा, आधी विचारून.

प्रश्न पण आधी वर्गात तयार करून घ्या, नाहीतर पोरं जाऊन "तुमचा जन्म कधी झाला" विचारतात. चांगले प्रश्न साधे असतात. हे कोणाकडून शिकलात? कुठलं काम सगळ्यात कठीण? हा रंग कुठून आणता? बिघडलं तर काय करता? शेवटच्या प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त बोलतात.

आणि नाव माहीत नसलेले कलाकार पण धरा. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर जी कातळशिल्पं आहेत, उक्षी, जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, रुंढे तळी, इकडे मालवण तालुक्यात कुडोपी, ती जांभ्यात हजारो वर्षांपूर्वी कोणी खोदली कोणाला ठाऊक नाही. २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा की खाली उभं राहून अख्खा दिसतच नाही, त्याच्या पोटात दुसरे प्राणी कोरलेत. ज्याने कोरला त्याला तो वरून कधी दिसला असेल? हा प्रश्न वर्गात टाका आणि मजा बघा. सहल न्याल तर शिल्पावर पाय नाही, फोटोत उठून दिसावं म्हणून खडू-पीठ भरायचं नाही, हे बसमध्येच सांगा, तिथे पोचल्यावर कोणी ऐकत नाही.

मग नावाजलेले, पण आपल्याकडचे

गावचा माणूस झाला की मग मोठी नावं घ्या, आणि ती पण आपल्या किनाऱ्यावरची आधी. पोरांना हे माहीतच नसतं.

सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर (१८८२ ते १९६८). हातात समई घेतलेली बाई, बोटांमधून उजेड झिरपतोय, ते जलरंगातलं चित्र त्यांचं. १९४५-४६ च्या आसपासचं, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि समोर उभी राहिलेली मुलगी म्हणजे त्यांची स्वतःची लेक गीता. हे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर कायम रविवर्म्याच्या नावाने फिरतं. रविवर्मा गेले १९०६ साली! हे उदाहरण मी मुद्दाम वापरतो, पोरांना सांगायचं, आधी फॉरवर्ड दाखवायचा आणि मग दोन साल फळ्यावर लिहायची, पुढचं त्यांचं तेच करतात. लाईट गेली असेल त्या तासाला हेच चित्र बाहेर काढा, मेणबत्ती पेटवून प्रत्येकाने आपला हात उजेडापुढे धरायचा आणि बोटांच्या कडा कुठल्या रंगाच्या दिसतात ते सांगायचं. लाल दिसतात. मग जलरंगात तो लाल कसा आणलाय ते बघायचं.

अलिबागजवळ सासवणे, तिथले शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१ ते १९६७). गावच्या देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र तेव्हाचे कलेक्टर रॉथफिल्ड यांनी बघितलं आणि पोरगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला पोचला. पुण्याचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्यांचा. सासवण्याचं त्यांचं घर आता शिल्पालय आहे, रायगडातल्या शाळांनी सहल तिथेच न्यावी, समुद्रकिनारे काय रोजचेच आहेत. त्यांनी गावची माणसं, जनावरं सिमेंटमध्ये केलीत, आणि सिमेंट म्हणजे पोरांच्या ओळखीचा माल, कोणाचे ना कोणाचे वडील गवंडीकाम करतात.

नागावचे प्रभाकर बरवे (१९३६ ते १९९५), हे जरा कठीण वाटतील कारण चित्रात पान, घड्याळ, असल्या वस्तू एकमेकींपासून लांब तरंगत असतात. पण ते कॅनव्हासवर इनॅमल पेंट वापरायचे, आणि हे ऐकलं की होडीवाल्या घरातली पोरं लगेच सरसावतात, इनॅमलचा डबा घरात असतोच. शिकवायला हा दरवाजा पुरे. अर्थ समजावत बसू नका.

उत्तरेकडे पालघर-डहाणूत असाल तर जिव्या सोमा म्हसे, गंजाडचे, २०११ ची पद्मश्री. वारली चित्रं आज टी-शर्टवर, रिसॉर्टच्या भिंतीवर सगळीकडे आहेत, पण मूळ लग्नाचा चौक लिहायचं काम सवाष्णींचं, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने. म्हसे पुरुष असून रोज काढायला लागले म्हणून वेगळे ठरले. हे सांगितलं की वर्गातल्या मुली कान टवकारतात. त्यावरून एक नियमच करून टाका की वर्गाच्या यादीत निम्म्या बायका हव्यात, नाहीतर यादी पुरुषांचीच होते. अमृता शेर-गिल (१९१३ ते १९४१), नलिनी मलानी, अर्पिता सिंग अशी दोन-चार नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढचं पोरांना शोधू दे.

नेटवर शोधताना

तीन गोष्टी पुरेत. एक, चित्र खरंच त्याचंच आहे का हे दोन वेगळ्या ठिकाणी बघायचं, त्यातलं एक ठिकाण संग्रहालयाचं असलं तर उत्तम. पिंटरेस्ट आणि स्टेटस हे ठिकाण नाही. आता एआयने बनवलेली चित्रं पण मोठ्या नावांवर फिरतात, त्यामुळे "कुठे ठेवलंय, कशाने काढलंय, केवढं आहे" ही तीन उत्तरं मिळाली नाहीत तर चित्र बाजूला ठेवायचं. दोन, घरी एकच फोन असतो आणि तो बाबांबरोबर होडीवर नाहीतर कामावर जातो, म्हणून ऑनलाईन शोध सक्तीचा करू नका, तुमच्या छापील गठ्ठ्यातून निवडायची मुभा द्या आणि त्याला कमी लेखू नका. तीन, कॉपीराईट. वर्गात शिकवताना चित्राची प्रत काढायला १९५७ च्या कायद्यात सूट आहे, पण तेच चित्र शाळेच्या यूट्यूबवर किंवा छापील अंकात टाकायचं तर वेगळं प्रकरण. कलाकार गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो. रविवर्मा चालतील, हळदणकर अजून नाही. गावातल्या कलाकाराचा व्हिडिओ असेल तर त्यांना विचारूनच टाका, ग्रुपवर टाकायचा असला तरी.

वर्गात सांगायचं कसं

इथे सगळे पीपीटीच्या मागे लागतात. पोरगं स्क्रीनकडे तोंड करून वाचतं, वर्ग झोपतो. आपल्याकडे ह्यापेक्षा चांगली रीत आधीपासून आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी: सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेले, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली, अशी एका कथेची पोथी, आणि एकेक चित्र समोर धरून गात-सांगत जायचं. तिथलेच परशुराम गंगावणे यांना ह्या कामासाठी आणि कळसूत्री बाहुल्यांसाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली, आणि त्यांचं ठाकर आदिवासी कला आंगण तिथे बघायला मिळतं. सिंधुदुर्गात असाल तर सहलीचा पहिला मान त्यांचा.

वर्गात ती रीत अशी उतरवा. प्रत्येकाने आपल्या कलाकाराचं एक चित्र कार्डशीटला चिकटवायचं, मागच्या बाजूला त्या चित्रातला आपल्याला आवडलेला एक तुकडा स्वतः मोठा करून काढायचा. तीन मिनिटं. चित्र छातीशी धरायचं, तोंड वर्गाकडे, कागद वाचायचा नाही. आधी चित्रात काय आहे ते सांगायचं, मग उलटून आपला तुकडा दाखवायचा आणि हाच का निवडला ते सांगायचं, नाव शेवटी. मालवणीत, आगरीत, घरात बोलतात तसं बोलू दे. "सर, हेका बघलंय तेवाच माका भय वाटला" असं कोणी म्हणालं तर त्याला प्रमाणभाषेत परत सांगायला लावू नका, चित्राबद्दल ते वाक्य निबंधापेक्षा भारी आहे. एका तासाला चार-पाचच पोरं घ्या, सगळी एका दिवशी उरकायला गेलात तर शेवटच्या दहांचं कोणी ऐकत नाही. ऐकणाऱ्यांनी प्रत्येकी एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, टाळ्या नकोत, प्रश्न हवेत.

लाजरी पोरं असतात, त्यांना जोडीने उभं करा, एकाने धरायचं एकाने सांगायचं.

आणि वर्षभर टिकणारं: कलाकारांची गंजिफा

ही माझी सगळ्यात आवडती. सावंतवाडीची गंजिफा म्हणजे गोल पत्ते, दशावतारी कॅटात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२०. ही कला बंद पडायला आली होती ती सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी, जुन्या कारागिरांना धरून परत उभी केली, आजही राजवाड्यात चितारी बसून पत्ते रंगवताना दिसतात. आधी हे दाखवा, जमलं तर प्रत्यक्ष, नाही तर फोटोत.

मग वर्गाचा कॅट करा. जाड पुठ्ठ्याचे गोल कापायचे, वाटी उलटी ठेवून आखले की सगळे सारखे येतात. अवतारांच्या जागी आपले गट ठेवा: मातीवाले, रंगवाले, दगडवाले, छपाईवाले, कापडवाले, सोंगवाले, जे काय तुमच्या वर्गाने शोधलं असेल ते. गटात राजाचा पत्ता कोणाचा हे पोरांनी भांडून ठरवायचं, आणि गावचा मूर्तिकार राजा आणि करमरकर प्रधान असं ठरलं तर ठरलं, तुम्ही मध्ये पडू नका. पुढच्या बाजूला कलाकाराच्या कामातली एक खूण, चेहरा नाही. हळदणकरांना समई, होकुसाईला लाट. खाली बारीक अक्षरात नाव आणि गाव. मागची बाजू सगळ्यांची एकसारखी, नाहीतर पत्ते ओळखू येतात आणि पोरं लबाडी करतात, करणारच.

खेळ साधा ठेवा, खऱ्या गंजिफाचे नियम अवघड आहेत. पत्ता ओढायचा, खालचं नाव अंगठ्याने झाकून नुसती खूण बघून कलाकार ओळखायचा, आणि त्याच्या कामाबद्दल एक गोष्ट सांगायची जी आधी कोणी सांगितलेली नाही. सांगता आली तर पत्ता तुझा. ऑफ तासाला हा कॅट बाहेर काढला की दुसऱ्या वर्गातली पोरं पण खिडकीत येतात. गॅदरिंगच्या प्रदर्शनात पालकांना खेळायला बसवा, आपल्याच वाडीतल्या माणसाचा पत्ता निघाला की आया-बापे थांबून बघतात, नुसत्या लावलेल्या चित्रांपुढून तरातरा निघून जातात.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट ह्या सरकारी चित्रकला परीक्षांचं काय, असं मुख्याध्यापक विचारतील. विचारू दे. बघायची सवय लागलेलं पोरगं स्मरणचित्रात आकृत्या एका ओळीत उभ्या करत नाही, आणि संकल्पचित्रात तीच ती कोयरी टाकत नाही, हे निकालाआधीच शीटवर दिसतं, त्या शीट्स त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा. मार्क द्यायचे झाले तर पत्त्याच्या रेखाटनाला थोडे आणि सांगण्याला जास्त द्या, अक्षराला अजिबात नको.

पत्ते झाले की प्रत्येकाला पातळ वॉर्निशचा एक हात मारा, पूर्ण सुकवा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात भरा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात त्या. दरवर्षी नव्या बॅचने पंधरा-वीस पत्ते वाढवायचे आणि खराब झालेले परत रंगवायचे. डबा कपाटात वरच्या फळीवर ठेवा, खालच्या फळीला पावसाळ्यात ओल येते, आणि बदली झाली तर नवीन येणाऱ्या कलाशिक्षकाच्या हातात किल्लीबरोबर द्या.